मत्स्यशुक्रजंतूंचे हिमीकरण आणि गुणवत्तेची कसोटी

माशांचे रेत गोठवून साठविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास १९४९ पासून सांगण्याचा प्रघात आहे. मात्र त्याचा उगम माशांत नाही. त्या वर्षी उत्तर लंडनमधील मिल हिल येथे पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी कोंबड्याचे शुक्रजंतू उणे ७९ अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून पुन्हा सचेत केले. ज्या बाटलीत फलशर्करा असल्याची त्यांची समजूत होती, तीत प्रत्यक्षात ग्लिसरीन व अल्ब्युमिन निघाले. बाटलीवरील चिठ्ठीच्या घोटाळ्यातून एका शास्त्रशाखेचा पाया घातला गेला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चारच वर्षांनी, १९५३ मध्ये, ब्लॅक्स्टर यांनी ही रीत हेरिंग माशास लावली. त्यांची गरज अगदी व्यवहारी होती. हेरिंगचा एक वंश वसंतात व दुसरा शरदात अंडी घालतो. दोहोंचा संकर करावयाचा, तर एकाचे रेत दुसऱ्याच्या हंगामापर्यंत टिकविणे प्राप्त होते. शुष्क बर्फात साठविलेल्या रेताने अंड्यांचे फलन झाले आणि वाट मोकळी झाली.

परंतु गोड्या पाण्यातील माशांच्या बाबतीत ही वाट सुगम ठरली नाही. याचे कारण मत्स्यशुक्रजंतूच्या स्वभावातच आहे. वृषणातील द्रवात तो निश्चल असतो. रोहित किंवा कटला यांच्या कुळात पाण्याच्या स्पर्शाने तर्षणदाब उतरला, की तो हालू लागतो. ट्राउटमध्ये पोटॅशियमचे प्रमाण घटणे हा इशारा असतो. ट्राउटचे हे चलन जेमतेम अर्धा मिनिट टिकते. तेवढ्यात अंड्यावरील सूक्ष्म छिद्र गाठावयाचे असते. म्हणून विरलक द्रव असा हवा, की शुक्रजंतू त्यात जागा होऊ नये. त्यातच गोठताना पेशीबाहेर बर्फ होतो, उरलेल्या पाण्यातील क्षार दाट होतात, पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. थंडावणे फार शीघ्र झाल्यास पेशीच्या आतही स्फटिक बनतात. पटल, शेपूट व ऊर्जा पुरविणारी तंतुकणिका या साऱ्यांस इजा पोहोचते. अनेक जातींत ग्लिसरीनपेक्षा डायमेथिल सल्फॉक्साइड सरस ठरले. झेब्राफिशसाठी हार्वे व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मिथेनॉल वापरले.

आता प्रश्न असा, की गोठविलेले रेत 'चांगले' कशावरून ठरवावयाचे? आरंभी सूक्ष्मदर्शकाखाली किती शुक्रजंतू हालतात, एवढेच पाहत. ही कसोटी सोपी, पण भोळी होय. हालणारा प्रत्येक शुक्रजंतू फलन करतोच असे नाही. पुढे फलनाचे प्रमाण मोजू लागले, तरी तेथेही एक गफलत राहिली. अंड्यामागे शुक्रजंतूंची संख्या अफाट ठेवली, की दहांतील नऊ निकामी झाले तरी निकाल उत्तम दिसतो. हे प्रमाण न देता प्रसिद्ध झालेले आकडे परस्परांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. या क्षेत्रातील कित्येक वादांचे मूळ माशात नसून मोजमापात आहे.

अखेर नजर केंद्रकाकडे वळली. २००५ मध्ये काब्रिता व सहकाऱ्यांनी इंद्रधनुषी ट्राउटच्या शुक्रजंतूंत हिमीकरणानंतर डीएनएचे तुकडे वाढल्याचे दाखविले. समुद्री ब्रीम माशात मात्र तशी वाढ आढळली नाही. पुढे २०१० मध्ये पेरेझ-सेरेझालेस व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून ट्राउटचे अंडे या मोडतोडीची काही अंशी दुरुस्ती करते, असे निष्पन्न झाले. ती दुरुस्ती रोधून धरली असता भ्रूणांची हानी वाढली. याचा अर्थ असा, की फलन यशस्वी दिसत असताही दोष पुढील पिढीच्या शरीरात शिरू शकतो.

हा केवळ प्रयोगशाळेतील बारकावा नव्हे. आम्लवृष्टी आणि परजीवी यांमुळे नद्यांतील सॅमनचे वंश नष्ट होऊ लागले, तेव्हा नॉर्वेने १९८६ मध्ये रानटी सॅमनच्या गोठविलेल्या रेताची पेढी स्थापिली. आपल्याकडे दख्खनी महसीरच्या रेतावरही असे प्रयोग झाले आहेत. मात्र माशाचे अंडे मोठे व पीतकाने भरलेले असल्यामुळे ते अद्याप रेताप्रमाणे गोठविता येत नाही. पेढीत राहतो तो केवळ पित्याकडील वारसा. मातेकडून येणाऱ्या तंतुकणिकांची वंशरेषा नळीत उतरत नाही. तिच्यासाठी जिवंत मादी जतन करावी लागते.