गोठ्यातली फियाट

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही ‘पद्मिनी’ टॅक्सी राहणार नाही, अशी बातमी आली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ सालची होती आणि तिची वीस वर्षं भरली होती. फोटो पाहून लोक हळहळत होते. मीही हळहळलो आणि मग लाजलो. कारण आमची पद्मिनी निमगाव केतकीला गोठ्याच्या एका बाजूला २००१ पासून उभी होती, आणि तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

ही गाडी आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, १९८४ साली वालचंदनगरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून जुनी घेतली. आमचा पानमळा होता. पहाटे पानांच्या टोपल्या डिकीत आणि मागच्या सीटवर ठेवून आण्णा बाजाराला जायचे. गाडीला कायम ओल्या पोत्याचा आणि नागवेलीचा वास असायचा. कागदावर ती ‘प्रीमियर पद्मिनी’ होती, पण गावात तिला तसं कुणी म्हणालं नाही. ती फियाटच. २००१ मध्ये आण्णांची उजवी बाजू गेली आणि गाडी आत लागली. दर दिवाळीला आम्ही भाऊ म्हणायचो, पुढच्या दिवाळीला चालू करू. २००९ मध्ये आण्णा गेले.

त्या दिवाळीत धाकट्या भावाने भंगारवाला ठरवला होता. आई एवढंच म्हणाली, “विकायची तर विका. पण आधी एकदा चालू करा.”

आता थोडं मागे जायला हवं, कारण या गाडीचं मूळ आमच्या तालुक्याशी जोडलेलं आहे. निमगावपासून मोटारसायकलने अर्ध्या तासात गाठता येईल असं वालचंदनगर, म्हणजे पूर्वीचं कळंब. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी या भागात १८८० च्या दशकात आलं. पाण्याबरोबर ऊस आला, आणि चोपणही. साचलेल्या पाण्याने जमिनीतले क्षार वर येतात, यावर हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करून लिहून ठेवलं होतं. याच पट्ट्यात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला. रेल्वेची कंत्राटं आणि बोटींचा धंदा करून आलेला हा माणूस. त्याच्या डोक्यात साखरेच्या पलीकडेही बरंच काही होतं.

हिंदुस्थानात मोटार बनवायची कल्पना विश्वेश्वरय्यांनी त्याच दशकात मांडली होती, आणि वालचंद तिच्यामागे लागले. १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला. पण युद्धाच्या काळात मोटारींचा कारखाना हा युद्धोपयोगी उद्योग मानायला सरकार तयार झालं नाही. सैन्याला हजारो ट्रक लागत होते, आणि ते इथे बनवू नका, असं सांगितलं जात होतं! विमानाचा कारखाना मात्र १९४० मध्ये बंगळूरला निघाला, तोही वालचंदांच्याच पुढाकाराने. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ उजाडलं, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या जुळून बाहेर पडायला १९४७. त्या डॉज आणि प्लिमथ होत्या. फियाटशी जुळलं ते पन्नाशीच्या दशकात. वालचंद १९५३ मध्येच गेले.

गंमत इंजिनाची आहे. तुरिनच्या फियाटने १९३७ मध्ये ५०८ सी या मॉडेलमध्ये चार सिलिंडरचं एक इंजिन बसवलं. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, एकूण १०८९ सीसी. नंतर त्यात सुधारणा होत गेल्या, पण हे माप तसंच राहिलं. इटलीने साठीच्या दशकात त्याला निरोप दिला. कुर्ल्यात ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललं. परवाने, कोटे, गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणं, आणि तरीही तीच गाडी. या काळाला शिव्या देणं सोपं आहे, आणि त्या बऱ्याचशा रास्तही आहेत. गिऱ्हाईक रांगेत उभं असेल तर कारखान्याने गाडी सुधारायची कशासाठी?

पण मला दुसरी एक गोष्ट दिसते. तीस-पस्तीस वर्षं एकच इंजिन चालल्यामुळे ते तालुक्या-तालुक्यातल्या मिस्त्र्यांच्या हातात बसलं. पुस्तक न वाचता, मोजपट्टी न लावता त्यांना ते कळायचं. स्वदेशी मोटार हे वालचंदांचं स्वप्न कारखान्यात किती साधलं यावर वाद घालता येईल. चिंचेखालच्या गॅरेजांत ते बरंच साधलं होतं.

आमचे मिस्त्री त्यांतलेच. वय सत्तरीच्या पुढे. इंदापूर रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं, आता मुलगा ट्रॅक्टरची कामं करतो. आले, बॉनेट उघडलं आणि हात न लावता बराच वेळ नुसते बघत राहिले. भावाने ट्रॅक्टर तयार ठेवला होता. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून ओढू, सुटेल, असा त्याचा बेत.

“वढायची न्हाई दादा,” मिस्त्री म्हणाले. “रॉड वाकंल, रिंगा तुटतील. मग खरंच भंगार.”

आधी त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकून ढकलायला लावली. हलली नाही. भाऊ म्हणाला, बघा, इंजिन जाम. मिस्त्री हसले. न्यूट्रलला चाक फिरत नाही त्यात इंजिनाचा काय दोष? मागचे ब्रेक ड्रमला चिकटले होते. ते सोडवायलाच एक दिवस गेला. मग प्लग काढले, क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलका जोर दिला. आता मात्र इंजिनच जाम होतं, यात शंका उरली नाही.

इंजिन उभं राहून जाम होतं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, पण त्याच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत बिडाची. दोन्हींमध्ये तेलाचा पातळ थर असतो. वर्षांमागून वर्षं तेल खाली ओघळतं, भिंत उघडी पडते आणि गंज धरते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. केसाएवढी फट भरून निघते आणि रिंग भिंतीला पकडते. शिवाय इंजिन जिथे थांबतं तिथे एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहतो, आणि सायलेन्सरमधून दमट हवा थेट आत जाते. आमच्या गोठ्याची जमीन तर बारमाही ओलसर. गाडीशेजारी दोन म्हशी.

मिस्त्र्यांनी डिझेल आणि एटीएफ निम्मं-निम्मं मिसळून चारही सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकांतून ओतलं. “आता रोज बघायचं. हात लावायचा न्हाई.” तीन सिलिंडरमधलं मिश्रण दोन दिवसांत खाली झिरपलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ते जवळजवळ तसंच होतं. दुखणं कुठे आहे ते कळलं. मी रोज सकाळी बॅटरी घेऊन त्या भोकात डोकावायचो. आई चहा घेऊन मागे उभी राहायची. काही विचारायची नाही.

पाचव्या दिवशी मी मिस्त्री नसताना पान्याला पाइप लावला. लांब दांडा, जास्त जोर. नट गोल व्हायची वेळ आली तेव्हा थांबलो. हे त्यांना सांगितलं नाही, पण नटाच्या कडा बघून त्यांना कळलं असावं. ते फक्त म्हणाले, “मास्तर, बावीस वर्सं थांबलात. अजून चार दिस?”

नवव्या दिवशी त्यांनी पाना लावला आणि उलटा दाबला. मग सुलटा. पुन्हा उलटा. कट्ट असा बारीक आवाज आला आणि पुली बोटभर हलली. मला वाटलं आता गरागरा फिरवतील. पण त्यांनी तेवढ्याच बोटभर जागेत ती मागे-पुढे केली, पुन्हा मिश्रण ओतलं, आणि घरी गेले. रिंग गंजाच्या कडेवरून जबरदस्तीने नेली तर ती तुटते; मागे-पुढे केली तर गंज दळला जातो. पूर्ण फेरा व्हायला आणखी दोन दिवस लागले.

हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर तपकिरी पट्टा होता, बांगडीसारखा. पॉलिश पेपरने गंज निघाला, खड्डे राहिले. ब्लॉक बारामतीला बोअरिंगला गेला, पुण्यात जुन्या पार्टच्या दुकानात वाढीव मापाचे पिस्टन मिळाले, टाकीतला डिंक झालेला पेट्रोलचा गाळ काढला. या सगळ्यात खर्च किती झाला ते भावाला अजून सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये गाडी चालू झाली. आधी निळा धूर, मग खोकल्यासारखे चार आवाज, मग तो ओळखीचा, थोडा खरखरीत सूर. म्हशी बिथरल्या. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली, दार लावून घेतलं. तिला कुठे जायचं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांनी उतरली आणि म्हणाली, “पानाचा वास गेला की हिचा.”

भंगारवाल्याला भावाने स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं. आता मी पुण्याहून आलो की रविवारी ती लासुर्ण्यापर्यंत नेऊन आणतो. नाही आलो तर भाऊ नुसती चालू करून ठेवतो, अर्धा तास, गोठ्याबाहेर.