से कॅथीड्रल, जुने गोवे

गोवा राज्यात मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील जुने गोवे येथे असलेले रोमन कॅथलिक पंथाचे प्रधान चर्च. गोवा व दमण या महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपांचे हे पीठ होय. ‘से’ हा पोर्तुगीज शब्द आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून ‘कॅथीड्रल’ या शब्दाच्या मुळाशीही आसन याच अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. वास्तूच्या आकाराशी वा वैभवाशी या संज्ञेचा संबंध नाही. बुलढाणा, अकोला इ. जिल्हे ज्यात मोडतात, त्या अमरावती धर्मप्रांताचे (स्थापना १९५५) कॅथीड्रल आणि गोव्याचे से कॅथीड्रल यांचा धर्मशास्त्रीय दर्जा या दृष्टीने एकच आहे. गोव्याच्या बाबतीत मात्र पीठाचा मान, वास्तूची भव्यता आणि राजसत्तेचा इतिहास ही तिन्ही एकमेकांत इतकी गुंतली, की या चर्चचा वर्धापनदिन म्हणजे नेमके कशाचे स्मरण, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

या गुंतागुंतीचा प्रारंभ २५ नोव्हेंबर १५१० रोजी झाला. त्या दिवशी अफोंसो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाही फौजेकडून गोवा शहर दुसऱ्यांदा व कायमचे जिंकले. त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी त्याने ते एकदा घेतले होते, परंतु आदिलशाही फौजेपुढे त्याला माघार घ्यावी लागली होती. दुसऱ्या विजयानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची सरसकट कत्तल करण्यात आली. अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रातच तिचे वर्णन आहे. विजयाचा दिवस हा ॲलेक्झांड्रियाची हुतात्मा कुमारी सेंट कॅथरिन हिच्या सणाचा होता. त्यामुळे ती शहराची आश्रयदात्री ठरली आणि विजयस्थळी तिच्या नावाने एक लहान चॅपेल उभे राहिले. १५३४ मध्ये पोप तिसरा पॉल याने या चॅपेलला कॅथीड्रलचा दर्जा दिला. केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतचा प्रदेश त्या वेळी गोव्याच्या बिशपच्या अधिकारात आला. १५५८ मध्ये हा धर्मप्रांत महाधर्मप्रांत झाला आणि कोचीन व मलाक्का येथे त्याच्या अधीन नवे धर्मप्रांत निर्माण झाले.

एवढ्या विस्तृत धर्मक्षेत्राला साजेशी वास्तू हवी, या विचाराने १५६२ मध्ये व्हाइसरॉय फ्रांसिस्कु कोतिन्यु याच्या कारकीर्दीत नव्या कॅथीड्रलचे काम सुरू झाले. खर्च राजकोशातून झाला आणि त्यासाठी राजाच्या मालकीच्या मालमत्तेच्या विक्रीतून आलेला पैसा वापरण्यात आला. काम मात्र अतिशय संथ गतीने चालले. मुख्य इमारत १६१९ मध्ये पूर्ण झाली, १६४० मध्ये तिचे विधिपूर्वक समर्पण झाले आणि मुख्य वेद्या १६५२ मध्ये पुऱ्या झाल्या. म्हणजे पायापासून अखेरच्या वेदीपर्यंत नव्वद वर्षे लागली. या अवधीत पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे गेले (१५८०) आणि साठ वर्षांनी पुन्हा स्वतंत्र झाले.

इमारत पूर्ण होणे आणि तिचे समर्पण होणे यांतील अंतर सामान्य वाचकाला चमत्कारिक वाटेल. ख्रिस्ती उपासनाविधीत मात्र ते अपवादात्मक नाही. साधा आशीर्वाद देऊन चर्च उपासनेसाठी खुले करता येते. समर्पणविधी त्याहून वेगळा व अधिक गंभीर असतो. बिशप वेदीला पवित्र तेलाचा अभ्यंग करतो, पूर्वापार रीतीनुसार भिंतींवर बारा ठिकाणी तेलाने क्रूसाची खूण करतो, धूप जाळला जातो व दिवे उजळले जातात. त्यानंतर ती वास्तू अन्य कोणत्याही कामासाठी वापरावयाची नाही, असा संकेत आहे. समर्पणाचा वार्षिक दिन खुद्द त्या चर्चमध्ये महोत्सव म्हणून साजरा होतो. कॅथीड्रलचा समर्पणदिन संपूर्ण धर्मप्रांतात सण म्हणून पाळला जातो. रोमच्या लॅटरन बॅसिलिकेचा ९ नोव्हेंबर हा समर्पणदिन तर जगभर पाळतात, कारण ते खुद्द पोपचे कॅथीड्रल आहे. आश्रयदात्या संताचा सण आणि समर्पणदिन हे दोन वेगळे दिवस होत. गोव्यात त्यांत विजयदिन या तिसऱ्या दिवसाची भर पडली. २५ नोव्हेंबर हा कॅथरिनचा सण पोर्तुगीज काळात शहर जिंकल्याचा उत्सव म्हणूनही साजरा होई. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हे दोन्ही अर्थ एकच होते. जिंकल्या गेलेल्यांच्या दृष्टीने ते तसे असणे शक्य नव्हते.

मराठ्यांच्या इतिहासाशीही या तारखेचा एक लक्षणीय संबंध आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शहराजवळील जुवे बेटावरील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन कॅथरिनच्या सणाला, तो परत घेण्यास गेलेला व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर जखमी होऊन मागे परतला. हताश व्हाइसरॉयने बॉम जेझस चर्चमध्ये जाऊन आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेव्हिअरच्या शवाजवळ ठेवला आणि शहर वाचविण्याची प्रार्थना केली. मोगल फौजा कोकणाकडे येत असल्यामुळे मराठ्यांनी माघार घेतली. याच व्हाइसरॉयने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. कॅथीड्रलचे काम चालू असतानाच, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ज्या चर्चसंस्थेने लोकांच्या भाषेत पुराण रचू दिले, तिच्याच छायेत राजसत्तेने ती भाषा दडपू पाहिली.

वास्तू जांभ्या दगडाची असून तिला चुन्याचा गिलावा आहे. लांबी सु. ७६ मी., रुंदी सु. ५५ मी. असून दर्शनी भागाची उंची सु. ३५ मी. आहे. बाह्यांगाची शैली टस्कन, तर अंतर्भागातील स्तंभ कॉरिंथियन पद्धतीचे आहेत. मध्यदालन, दोन बाजूंच्या वीथी व आडवे दालन अशी रचना आहे. मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याच्या भव्य काष्ठशिल्पात कॅथरिनच्या जीवनातील व हौतात्म्यातील प्रसंग कोरले आहेत. समग्र गोव्यातील काष्ठकामात त्याचे स्थान फार वरचे आहे. मनोऱ्यातील मोठी घंटा तिच्या सुस्वर नादामुळे ‘सुवर्णघंटा’ म्हणून ओळखली जाते. नाद मधुर खरा, पण त्याची एक आठवण कटू आहे. इन्क्विझिशनचा (१५६०–१८१२) वाडा याच चौकात होता. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने जानेवारी १६७६ मधील आपल्या शिक्षेच्या दिवसाचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात कैद्यांच्या मिरवणुकीपूर्वी पहाटे कॅथीड्रलची मोठी घंटा वाजल्याचा उल्लेख आहे.

जे वैभव दाखविण्यासाठी ही वास्तू उभारली गेली, ते तिच्या पूर्णतेबरोबरच ओसरू लागले होते. समर्पणाच्या सुमारास डच आरमार गोव्याची नाकेबंदी करीत होते. पुढच्याच वर्षी (१६४१) मलाक्का पोर्तुगीजांच्या हातून गेले आणि १६५६ मध्ये कोलंबो. साथीच्या रोगांनी शहर पोखरले, व्हाइसरॉयचे निवासस्थान प्रथम पणेली व पुढे पणजी येथे हलले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १७७६ मध्ये कॅथीड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही, त्यामुळे दर्शनी भागाचा तोल कायमचा बिघडला. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर शहरातील कित्येक मठ ओस पडून ढासळले. कॅथीड्रल टिकले, कारण ते एखाद्या संघाच्या नव्हे, तर आर्चबिशपांच्या अधीन होते व तेथील उपासना खंडित झाली नाही.

१९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली आणि २५ नोव्हेंबरच्या विजयोत्सवाला आधार उरला नाही. पुढे १९६९ च्या सुधारणेत, कॅथरिनच्या चरित्राला पुरेसा ऐतिहासिक पुरावा नसल्याने, तिचा सण रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतूनही वगळण्यात आला. २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पुन्हा समाविष्ट झाला. तथापि एखाद्या चर्चच्या आश्रयदात्या संताचा सण त्या चर्चपुरता महोत्सवच राहतो. जुने गोवे येथील चर्च व मठ यांचा समावेश युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत केला. सेंट फ्रान्सिस झेव्हिअरच्या शवाचे पहिले जाहीर दर्शन १७८२ मध्ये याच कॅथीड्रलमध्ये झाले होते. सामान्यतः दर दहा वर्षांनी होणाऱ्या या दर्शनासाठी बॉम जेझसमधून शवपेटी मिरवणुकीने येथे आणतात; यापूर्वीचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले आणि कॅथरिनचा सणही त्याच दिवसांत आला.