सीआरपीमधला ‘सी’ कुठून आला?

कोविडच्या काळात सीआरपी हा शब्द घराघरांत पोहोचला. तेव्हापासून ताप-खोकल्याचे बरेच रुग्ण ही तपासणी स्वतःच करून येतात. “डॉक्टर, सीआरपी ४८ आलाय, म्हणजे न्यूमोनियाच ना?” तुम्हीही कदाचित असे विचारले असेल. याचे उत्तर या तपासणीच्या जन्मकथेत आहे.

साल १९३०, न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते आणि न्यूमोनियाने धडधाकट तरुणही दगावत. त्यामुळे न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस या जंतूचा तिथे कसून अभ्यास चालला होता. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे डॉक्टर जंतूपासून काढलेले वेगवेगळे पदार्थ रुग्णांच्या सीरममध्ये मिसळून पाहत. त्यातल्या एकाला त्यांनी ‘सी’ म्हटले होते. तो मिसळला की सीरम गढूळ होई आणि साका बसे.

ही अँटिबॉडी असावी, असे कुणालाही वाटले असते. पण अँटिबॉडी आजार बरा होताना वाढते. इथे उलटेच घडत होते. ताप भरात असताना साका बसे, रुग्ण सावरला की बसेनासा होई. निरोगी माणसात तर नाहीच. पुढे न्यूमोकोकसशी संबंध नसलेल्या आजारांतही, अगदी संधिवाताच्या तापातही, तो दिसू लागला.

‘सी’शी जुळणारा हा पदार्थ प्रथिन आहे, हे १९४१ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. म्हणून नाव पडले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. (डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक, हे १९४४ मध्ये दाखवणारे हेच ते एव्हरी.) हे प्रथिन यकृत बनवते. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढते, मग कारण जंतू असो, विषाणू असो वा ऑपरेशनची जखम. थोडक्यात, नाव न्यूमोनियाच्या जंतूवरून पडले, पण तपासणी त्या जंतूची नाही.

जंतुसंसर्ग नेमका ओळखणारा पदार्थ हवा, ही ओढ कायम राहिली. १९९३ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी दाखवले, की गंभीर जंतुसंसर्गात प्रोकॅल्सिटोनिन खूप वाढते, विषाणूंच्या आजारात फारसे नाही. मोठ्या आशा निर्माण झाल्या. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांच्या अभ्यासात हे आकडे डॉक्टरांना पुरवूनही अँटिबायोटिकचा वापर कमी झाला नाही. न्यूमोनियाचे निदान पक्के असेल तर प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे म्हणून अँटिबायोटिक थांबवू नका, असे तिथल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितले.

मग सीआरपी करायचाच नाही का? करायचा, पण वेळ पाहून. संसर्गानंतर तो वाढू लागायला साधारण सहा तास लागतात आणि शिखर गाठायला दोन दिवस. माझ्याकडे आलेल्या एका आजींचा सीआरपी पहिल्या दिवशी फक्त १२ होता, पण श्वास मिनिटाला ३२. मी त्यांना लगेच दाखल केले. दुसऱ्या दिवशी आकडा दीडशेच्या वर गेला. उपचार सुरू झाल्यावर मात्र तो उतरतोय का, हे पाहायला मला सीआरपी फार उपयोगी पडतो. टिलेट-फ्रान्सिस यांना १९३० मध्ये नेमके हेच दिसले होते.

आणि दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक जरूर पाहा. एका लॅबचे ४.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच दुसरीचे ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर.