व्रणबंध आणि वनस्पतितंतू : चांदा प्रदेशाच्या संदर्भात

वनस्पतीच्या तंतूत औषध भरून तो जखमेवर बांधणे ही कल्पना आधुनिक पदार्थविज्ञानाने प्रथम मांडली, असा समज प्रचलित आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा व अठरावा अध्याय वाचणाऱ्यास तो टिकण्याजोगा वाटणार नाही. शस्त्रकर्मानंतर तिळाचा कल्क, मध व तूप यांनी माखलेली ‘विकेशिका’, म्हणजे वात, व्रणात ठेवावी, तिच्यावर ‘कवलिका’ ही जाड घडी द्यावी आणि मग पट्ट बांधावा, असा विधी तेथे सांगितला आहे. बंध तिसऱ्या दिवशी सोडावा. उतावीळपणे दुसऱ्याच दिवशी सोडल्यास व्रण उशिरा भरतो व वेदना तीव्र होतात, असेही ग्रंथकार बजावतो. येथे तंतू हा केवळ आच्छादन नसून औषधाचे वाहन आहे.

बंधद्रव्यांच्या यादीत क्षौम, कार्पास, कौशेय, अंतर्वल्कल (झाडाची आतली साल) व विदल (चिरलेला बांबू) ही नावे येतात. जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व १९८२ साली त्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, यांपैकी बहुतेक द्रव्ये हाताशी आहेत. बांबू विपुल आहे. आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर कोसा पिकतो. (तो प्राणिज धागा खरा, पण झाडावाचून तो नाही.) क्षौम हे बहुधा जवसाचे वस्त्र असावे, विदर्भात मात्र जवस पेरतात ते तेलासाठी, तंतूसाठी नव्हे.

पुढील काळात तंतूचे स्थान कायम राहिले. बदलले ते औषधाचे स्वरूप. लिस्टरने १८६७ साली कार्बोलिक आम्लाचा उपयोग प्रसिद्ध केला. विंटरने १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांनी असे दाखविले, की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेपेक्षा लवकर चढते. आता सेल्युलोजच्या तंतूंवर शंभर नॅनोमीटरहूनही लहान असे औषधी कण बसविण्यात येतात. कण जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक; म्हणून थोडे औषध पुरते, आणि योग्य रचना साधल्यास ते सावकाश झिरपते. पट्टी वारंवार सोडावी लागू नये हा हेतू सुश्रुताच्या नियमापासून दूरचा नाही. परंतु साम्य हेतूचे आहे, ज्ञानाचे नव्हे. सुश्रुताला नॅनोकण ठाऊक होते असे म्हणणे हे इतिहासाचे विडंबन होय.

भेदही तितकाच बोलका आहे. कुष्ठी व अग्निदग्ध यांचे व्रण, तसेच मधुमेह्यांच्या पिडका बांधू नयेत, असे सुश्रुत सांगतो. (त्याच्या ‘कुष्ठ’ या संज्ञेत इतरही त्वग्रोग येतात.) आजच्या संशोधनाचा भर मात्र भाजलेल्या व मधुमेह्यांच्या जखमांवरच अधिक आहे, आणि कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेचे आनंदवन बाबा आमटे यांनी १९५१ साली उभारले ते याच प्रदेशात, वरोऱ्याजवळ.

खरा प्रश्न नोंदीचा आहे. हळदीच्या व्रणरोपक गुणाबद्दल अमेरिकेत १९९५ साली एकस्व दिले गेले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते दावे फेटाळले गेले. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील मौखिक वापर हा पुरावा ठरत नसे. मुद्रित लेखच लागत. हळदीला संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख साक्षीस होता. भामरागड-एटापल्लीच्या माडिया जाणत्यांच्या ज्ञानास असा आधार कोठून मिळणार? अमेरिकेने तो नियम २०११ च्या कायद्याने बदलला, तरी जे कोणी लिहिलेच नाही ते सिद्ध करणे अवघडच राहते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवावयाच्या आहेत. व्रणोपचाराच्या बाबतीत तेथे झाडाचे नाव व ‘जखमेवर उपयोगी’ एवढा शेरा पुरणार नाही. साल कोणत्या ऋतूत काढली, ती कशी मऊ केली, तिच्यात काय भरले आणि पट्टी कितव्या दिवशी सोडली, हे सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याच्याच गोंडी वा माडिया शब्दांत उतरवून घ्यावयास हवे.