उन्हाची दिंडी : भूमध्यसागरी सहल आणि मराठी प्रवासवर्णन

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्याच सुमारास परदेशी सहलींच्या जाहिरातीही डोळ्यांत भरू लागतात. त्यांपैकी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याची आणि बेटांची आठवडाभराची सहल आम्हांला विशेष विचारात पाडते. मार्सेलिस, कान, नीस, मोनॅको, मग बोटीने कॉर्सिका. सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि रात्री वरण-भात. या सहलीचे मुख्य आकर्षण म्हणून जे सांगितले जाते ते तिथले लख्ख ऊन. जे ऊन टाळण्यासाठी सोलापूरकर दुपारी दारे-खिडक्या लावून घेतो, त्यासाठीच त्याने लाखांत पैसे का मोजावेत? प्रश्न गमतीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी दोन इतिहास आहेत, एक युरोपचा आणि एक आपला.

पहिला इतिहास उन्हाच्या भुकेचा आहे. १८३४ साली लॉर्ड ब्रूम हा इंग्रज मुत्सद्दी पटकीच्या साथीमुळे नीसच्या वाटेवर अडला आणि कान या कोळ्यांच्या गावी थांबला. ते गाव त्याला इतके आवडले की त्याने तिथेच घर बांधले. पुढे धुक्याला कंटाळलेले उमराव आणि क्षयाचे रुग्ण या किनाऱ्यावर हिवाळा घालवू लागले. १८८७ मध्ये स्तेफाँ लिएजार या लेखकाने आपल्या पुस्तकाला 'निळाईचा किनारा' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले आणि किनाऱ्याचे तेच नाव रूढ झाले. विशेष म्हणजे तेव्हा हंगाम हिवाळ्याचा होता. उन्हाळ्यात हॉटेले बंद असत. उन्हाळी हंगामाची चाल १९२० नंतरची. १९३६ साली फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि हा किनारा हळूहळू सामान्यांच्याही आवाक्यात येऊ लागला. १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ याने साडेबत्तीस पौंडांत विमानप्रवास, भोजन आणि तंबूतला निवास देऊन इंग्रज प्रवाशांना कॉर्सिकातील काल्व्ही येथे नेले. आजच्या ठोक सहलीचा आरंभ तिथे मानला जातो. थोडक्यात, या सहलीतले ऊन उत्तरेकडील थंड देशांच्या गरजेतून मोलाचे ठरले. आपण ते विकत घेतो तेव्हा वस्तुतः दुसऱ्याची इच्छा आपली म्हणून स्वीकारत असतो.

दुसरा इतिहास आपल्या दारातला आहे. संघटित प्रवासाचा जनक म्हणून थॉमस कुकचे नाव घेतले जाते. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला आगगाडीने जो समुदाय नेला, तो मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी निघाला होता. त्याच शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीसोहळ्याला आजची शिस्त लावली होती. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे ठरलेले क्रमांक, चोपदाराची आज्ञा, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम असे सारे नेमून दिलेले. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही आमच्या जिल्ह्यातली गावे म्हणजे त्या वेळापत्रकातले मुक्काम. समूहाने, नेमलेल्या वाटेने, कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली चालणे मराठी माणसाला कुकने शिकवावे लागले नाही. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी सहलसंस्था सुरू केली आणि पुढे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने परदेशी निघाली, त्यामागे व्यवसायकौशल्याबरोबर हा जुना सरावही असावा, असे आमचे मत आहे. इंग्रजी न येणारी गृहिणी, निवृत्त शिक्षक, एकटी राहणारी विधवा यांना जग दिसले ते या समूहामुळे. म्हणून या सहलींना नाके मुरडणे आम्हांला उचित वाटत नाही.

आमचा प्रश्न वाङ्मयाचा आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेला निघालेल्या प्रवाशाला भूमध्य समुद्र ओलांडणे ओघानेच आले. तो मुक्कामाचा प्रदेश नव्हता. जहाजावरचे काही दिवस, एवढेच त्याचे स्थान होते. तरीही त्या संथ दिवसांनी लिहिण्याला अवकाश दिला. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ सालचा. तो मुळात एक पत्रच आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० मध्ये आले आणि प्रवासवर्णन हा मराठीत ललित गद्याचा स्वतंत्र प्रकार म्हणून स्थिरावला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, आणि पुढे जहाजावरचे ते दिवसही संपले. मीना प्रभूंच्या 'ग्रीकांजली', 'रोमराज्य', 'तुर्कनामा' या पुस्तकांनी भूमध्य समुद्राचा काठ मराठीत पुन्हा आणला. या वेळी मात्र वाटेवरचा नव्हे, मुद्दाम जाऊन पाहिलेला.

या साऱ्या परंपरेत एक गोष्ट समान आहे. तिचे सर्वनाम 'मी' आहे. गोडसे भटजी काकांबरोबर निघाले होते, तरी 'माझा प्रवास' हा एका डोळ्याने पाहिलेला १८५७ आहे. उलट वारीच्या वाङ्मयाचे सर्वनाम बहुधा 'आम्ही' आहे. गेल्या चार दशकांत लक्षावधी मराठी माणसे समूहाने परदेशी गेली. पण त्या 'आम्ही'चे म्हणावे असे प्रवासवर्णन आपल्या वाचनात नाही. छायाचित्रे आहेत, आठवणी आहेत, समूहातली थट्टामस्करी आहे, लेखन नाही.

याचे कारण समूह हे नसून समूहाचे स्वरूप हे आहे, असे आम्हांला वाटते. दिंडीत विणेकरी असतो, टाळकरी असतो, डोक्यावर तुळस घेतलेली बाई असते. प्रत्येकाकडे काही काम असते आणि वाटेवरचे गाव त्यांना जेवू घालते. बसमध्ये सगळेच ग्राहक. वाटेवरच्या माणसाशी त्यांचा संबंध येतो तो काचेतून. आणि काचेतून न दिसणारे पुष्कळ असते.

मार्सेलिसचेच पाहा. १८३१ मध्ये मॅझिनीने 'तरुण इटली' ही संघटना याच शहरात स्थापन केली. त्याच्या लेखनाचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ जुलै १९१० रोजी अटकेतील सावरकरांनी 'मोरिया' जहाजावरून याच बंदरात उडी घेतली आणि ते पोहत धक्क्याला लागले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिले. फ्रेंच भूमीला पाय लागलेल्या माणसाला आश्रयाचा हक्क मिळतो की नाही, हा वाद त्यातून उभा राहिला. हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला. मराठी पर्यटक तिथे जातो तेव्हा ही उडी त्याला बहुधा आठवतेच. परंतु तो प्रश्न त्या समुद्रात अजून मिटलेला नाही. आश्रयासाठी निघालेली पंचवीस हजारांहून अधिक माणसे २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेली किंवा बेपत्ता झाली. ज्या लाटांवर बोटीची फेरी ठेवलेली असते, त्याच या लाटा. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत याला जागा नसते आणि मार्गदर्शकाला दोष द्यावा असेही नाही. लिहिणाऱ्याला मात्र ही सबब नाही.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू की प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना एकट्या प्रवाशाची पुस्तके वाचाच. त्याबरोबर घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या सहलीबद्दल विचारा आणि ते जसे सांगतील तसे उतरून घ्या. त्या आठ दिवसांत त्यांना कोणाची भीती वाटली, कोणाशी खुणांनी बोलणे झाले, समुद्र पाहताना घरचे कोण आठवले? सोलापूरचे टेरी टॉवेल युरोपला जातात. तिथल्या हॉटेलात हात पुसताना हे आपल्याच गावच्या मागावरचे तर नसेल, असे आमच्या एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या घरातून सहलीला गेलेल्या माणसाच्या मनात येऊन गेले असेल, तर मराठी प्रवासवर्णनाचे पुढचे पान तिथून सुरू होऊ शकते. ते 'आम्ही' या सर्वनामाने सुरू व्हावे, अशी आमची इच्छा आहे.