१२० ग्रॅमची पुडी : बीडच्या कापसातून बायोटेक शिक्षणाचा एक धडा

भारतातल्या बायोटेक शिक्षणाचा इतिहास वाचायला घेतलात तर तो बहुतेक दिल्लीपासून सुरू होतो. १९८६ साली केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. त्याच सुमारास पुण्यासह मोजक्या विद्यापीठांत एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी सुरू झालं. पुढे पदवीधरांना कंपन्यांत प्रशिक्षण देणारी योजनाही आली. पण आमच्या बीड जिल्ह्यात बायोटेक बहुतेक घरांत आलं ते पुस्तकातून नव्हे, तर बियाण्याच्या पिशवीतून.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, ती एका अटीसह. बीटीच्या क्षेत्राच्या २० टक्के किंवा भोवती पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावायचा. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची.

ती कशासाठी? बीटी कापसावर बोंडअळी मरते, पण एखादी वाचते. अशा वाचलेल्यांचंच आपसात मीलन होत राहिलं, तर बीटीला न जुमानणारी पिढी तयार होते. शेजारच्या साध्या कापसावर वाढलेले पतंग त्यांच्यात मिसळले आणि प्रतिकाराचं जनुक अप्रभावी असेल, तर पुढची अळी बीटीवर पुन्हा मरते. थोडक्यात, ती पुडी म्हणजे तंत्रज्ञानाचा विमाच.

आमच्या घरी मात्र ती कोनाड्यात पडून असायची. वडील म्हणायचे, "अळीला खायला घालायला कुणी कापूस लावतं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. ‘लावा’ असं कागदावर छापलेलं होतं. ‘का’ ते समजावून सांगायला कुणी आलं नाही. त्या ओळींतलं नुकसान कोण सोसणार, हेही कुणी बोललं नाही.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भातला कापूस पोखरला. वेचणीला कवडीच हाती आली. दोष एकट्या पुडीचा नव्हता. फरदड आणि जास्त दिवसांचे संकरित वाण यांमुळे अळीला वर्षभर खाद्य मिळत राहिलं. पण अट घालणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे त्या वर्षी कळलं.

याउलट कामगंध सापळा बघा. हेक्टरी पाच सापळे लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की उपाय करायचा. इथं शेतकरी स्वतः मोजतो, स्वतः ठरवतो.

उद्या तुम्ही ‘प्रशिक्षणाच्या उत्तम पद्धती’ यावर प्रस्ताव लिहाल, तेव्हा तीन प्रश्न आधी विचारा. काम प्रत्यक्ष कोण करणार? त्याला कारण समजलंय का? खर्च आणि जोखीम कुणाच्या माथी? उत्तरं नसतील, तर तुमची पद्धतही त्या पुडीसारखी कोनाड्यातच राहील.