गायरानावरची कोंबडी

आपल्या समाजाच्या मालमत्तेचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण वतनापासून सुरुवात करतात. ते स्वाभाविकही आहे. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले, आणि वतन हा आपल्या चळवळीचा विषय झाला. पण वतनाची जमीन ही गावाची चाकरी केल्याबद्दलची. कोणाचीही चाकरी न करता आपल्या घरात जे आपले म्हणून राहिले, त्याची नोंद कोणी केलेली नाही. त्या यादीत पहिले नाव कोंबडीचे घालावे लागेल, असे माझे मत आहे.

हे मला पुस्तकातून सुचले नाही. मराठवाड्यातील आमच्या गावी आजोबांनी धरलेले दोन एकर गायरान आहे. तेथे तीन वर्षांपूर्वी मी एक कोंबडा आणि नऊ तलंगा सोडल्या. आमच्या घरात कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या, परंतु त्या वाड्यातल्या, खुराड्यातल्या. स्वतःच्या रानात मोकळा सोडलेला हा पहिलाच कळप. सकाळी खुराडे उघडले की त्या आधी बांधाला जातात, वाळवी उकरतात. ऊन चढले की बाभळीखाली मातीत लोळतात. दुपारनंतर पार पलीकडच्या ओघळीपर्यंत. दहा पाखरांना दोन एकर पुरते असेही नाही.

कोंबडी पाळायला जमीन लागत नाही, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. भूमिहीनांसाठीच्या योजनांतही तेच गृहीत धरलेले असते. हे अर्धेच खरे आहे. कोंबडी ठेवायला जमीन लागत नाही. तिला चरायला लागते. मग ज्यांच्याजवळ वीतभर जमीन नव्हती, त्यांची कोंबडी कोणाच्या जमिनीवर चरत होती?

माझ्या आजीकडे याचे उत्तर होते. कोंबडी खळ्यावर गेली की दगड यायचा. मेली तर मेली, वर शिव्या आजीने ऐकायच्या. म्हणून सुगीच्या दिवसांत ती सगळ्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवी. ज्या महिन्यांत रानोमाळ दाणा सांडलेला असे, नेमक्या त्याच महिन्यांत आमची कोंबडी उपाशी. उरलेले वर्ष उकिरडा होताच. चावडीवर कोणी साहेब उतरला की मात्र हीच कोंबडी गावाला चाले. ती वाड्यातूनच जायची, आणि पैसे मागायला जाणारा कोणी नव्हता.

सांडलेल्या दाण्याशी कोंबडीचे नाते पाटलाच्या खळ्याहून फार जुने आहे. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली हाडे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, आणि निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशांपैकी ती सर्वांत जुनी, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. कोरडवाहू भात आणि भरड धान्याची शेती सुरू झाली, दाणा सांडू लागला आणि तांबडा रानकोंबडा झाडीतून माणसाजवळ आला, असा संशोधकांचा तर्क आहे. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही या वंशात आहे. कोंबडीची पिवळी कातडी त्याच्याकडून आलेली, असे २००८ साली दिसून आले.

मनूने कोंबडीविषयी जे सांगितले तेही येथे पाहिले पाहिजे. पाचव्या अध्यायात द्विजाने जाणूनबुजून ग्रामकुक्कुट खाल्ला तर तो पतित होतो, असे आहे. तेथे नाव गावातल्या कोंबड्याचे आहे, रानातल्याचे नाही. गावात राहून ती घाण उकरते हाच तिचा दोष असावा. जी घाण गावाने आमच्याकडून उचलून घेतली, तीच उकरल्याबद्दल कोंबडीलाही वाळीत टाकले, असे मी वाचतो. दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांचे धन म्हणून कुत्री आणि गाढवे नेमून दिली आहेत. कोंबडी त्या यादीत नाही. तिला कोणी नेमून दिले नाही.

असे विसरलेले जनावर दुसरीकडेही सापडते. व्हर्जिनिया वसाहतीत १६९२ साली कायदा झाला की काळ्या गुलामांजवळची घोडी, गुरे आणि डुकरे काढून घ्यावीत. कोंबडीचा उल्लेख राहून गेला. बहुधा ती मालमत्ता वाटलीच नाही. पुढे गुलामांच्या खोपटांभोवती कोंबड्या वाढल्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो येथील घरात त्यांच्या नातीने १८०५ ते १८०८ या काळात ठेवलेल्या हिशेबवहीत गुलामांकडून अंडी आणि कोंबड्या विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. माणूस मालकीचा, आणि त्याची कोंबडी मात्र पैसे मोजून घ्यायची! ही विसंगती आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही.

नोंदीचा प्रश्न आमच्याकडेही आला. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत आमच्या वाड्यातली चार घरे जळाली. पंचनाम्यात पत्रे आले, भांडी आली, ज्वारी आली. खुराड्यासकट जळालेल्या कोंबड्या आल्या नाहीत. आजीने सांगितले होते. लिहिणाऱ्याने लिहिले नाही. ती दरवर्षीच्या वह्या आणि माझ्या आत्यांच्या बांगड्या त्या अंड्यांवर करीत होती. नंतर तिने शेजारच्या वस्तीतून एक खुडूक कोंबडी अर्धलीने आणली आणि पुन्हा सुरुवात केली.

जमीन त्याआधीच धरलेली होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि नंतर ६ डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांत आजोबा होते. सुटून आल्यावर त्यांनी माळावरचे दगड वेचून ही दोन एकर काढली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. तरी आमचे नाव अजून गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीतच आहे. सातबारा नाही.

आता कळपाविषयी. पहिल्या वर्षी तेरा अंडी रवणाला बसवली, एकविसाव्या दिवशी अकरा पिले निघाली. त्यांतली चार घारीने आणि मुंगसाने नेली. मानमोडीची लस वेळेवर टोचली म्हणून मोठी पाखरे राहिली. त्या उन्हाळ्यात गावातली कित्येक खुराडी रिकामी झाली. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पिंजऱ्यातली तीनशेच्या घरात देते, हे मला ठाऊक आहे. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीचे खाद्य, पिले, औषध सारे विकतचे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्ल्यू आला तो मोठ्या पोल्ट्रीत. भोवतालच्या आदिवासींच्या अंगणातल्या कोंबड्याही त्यात मारल्या गेल्या. आजार कोठला आणि डालगे कोणाचे रिकामे झाले!

आज शहरातला व्यापारी विचारतो, कोंबड्या खरोखर मोकळ्या फिरतात ना? मोकळ्या फिरलेल्या कोंबडीच्या अंड्याला चढा भाव आहे. ज्या फिरण्यासाठी आजीच्या कोंबड्यांनी दगड खाल्ले, त्याच फिरण्याचे आता पैसे मिळतात. मला ते नको आहेत असे नाही.

२०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या. आमच्याकडेही एक आली. वडिलांनी आजोबांच्या वेळच्या दंडाच्या पावत्या ट्रंकेतून काढून जोडल्या. त्या वेळी शिक्षा म्हणून भरलेला दंड हाच आता ताब्याचा पुरावा आहे. पाहणीला आलेल्या माणसाने कोंबड्या पाहिल्या आणि पीक कोणते म्हणून विचारले. कागदावर पीक लागते, कोंबडी चालत नाही. म्हणून मी दरवर्षी तूर पेरतो. पेरल्यावर दाणे उकरू नयेत म्हणून पंधरा दिवस कोंबड्या झाकून ठेवतो, आणि तूर गुडघाभर झाली की त्यांना परत तिच्यात सोडतो.